मंदीत स्वतःचं काम काढायचंय, आणि मामाकडची बाकी

मी समुपदेशक, तरी हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच अंदाज येतो. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज नाहीतर चिकलठाण्याच्या कंपनीत लागलेला, आयटीआय झालेला, तिशीतला, आणि म्हणणं एकच, मॅडम नोकरीचं काही खरं नाही, इलेक्ट्रिकलची स्वतःची कामं घ्यावी म्हणतो पण अशा मंदीत कसं करावं. 2008-09 ला हेच ऐकलं, 2019 ला गाड्यांचा खप पडला तेव्हा तर लाइनच लागली होती, मग लॉकडाऊन, आणि आता परत तेच चालू झालंय. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते, एकाच माणसाच्या निमित्तानं. त्याला विचारलंय, नाव आणि बाकी तपशील बदललेत.

त्याला दत्ता म्हणू. बीड जिल्ह्यातल्या खेड्यातला, इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला, कंपनीत मेंटेनन्सला पण ठेकेदाराच्या नावावर. पगार 16 हजार, आणि 2019 च्या उन्हाळ्यापासून ओव्हरटाइम बंद. सुट्टीच्या दिवशी घरांची वायरिंग करायचा. माझ्याकडे आला तो झोप लागत नाही म्हणून, धंद्याचं नंतर निघालं. सुरुवातीला नुसतं मंदी मंदी. शहरात बिल्डरची कामं थांबलीत, गावाकडं दुष्काळ, कापसाला भाव नाही, अशात कोण घर बांधतंय. सगळं खरंच होतं, त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं, आणि मी काढलंही नाही. फक्त विचारलं,

"मागच्या पाच-सहा महिन्यात काम नाही म्हणून किती रविवार घरी बसलात?"

त्यानं आठवून पाहिलं. "रविवार तर एकपण नाही मॅडम."

"मग मंदी कुठंय?"

हसला. मग हसू गेलं आणि म्हणाला, "काम हाय की. पैसे कुठं हायेत."

माझ्यासाठी सगळी केस इथं फिरली. पुढच्या वेळी त्याला कामाची डायरी आणायला सांगितलं. दुकानातून फुकट मिळते तसली छोटी, मागच्या वर्षीची, घडी पडलेली, पानापानावर पॉइंट मोजलेले, आणि शेवटच्या चार पानांवर बाकी. मामा, साडू, गावातले एक गुरुजी, सोबत काम करणारा एकजण, घरमालकाचा भाऊ. बेरीज त्यानं कधी केलीच नव्हती. माझ्यासमोर मोबाइलवर केली, 96 हजार. म्हणजे सहा महिन्यांचा पगार लोकांच्या भिंतीत गाडलेला. आणि त्यात निम्मं मटेरियल त्यानं स्वतः दुकानातून उधारीवर उचललेलं.

"यातल्या कुणाला शेवटचं कधी मागितलं?"

"मामाला कसं मागावं मॅडम. ते म्हणतील पोरगं लई मोठं झालं."

बघा, कामाला तो घाबरत नव्हता, मंदीलाही नाही. मागायला घाबरत होता. पण मला मामाला पैसे मागता येत नाहीत हे चारचौघात सांगायला लाज वाटते आणि मंदी आहे म्हटलं की सगळे माना डोलावतात. मंदी ही इज्जतदार भीती आहे. तिच्या आड खरी भीती बसलेली असते आणि ती शोधल्याशिवाय धंदा करू का नको या प्रश्नाला हात लावायचा नाही हा माझा नियम आहे. ज्यांनी लावला, मोटिव्हेशनची भाषणं ऐकून नोकऱ्या सोडल्या, त्यातले काही नंतर माझ्याकडंच आलेत.

मग आम्ही मागायची प्रॅक्टिस केली. मी मामा झाले. "अरे आपल्या घरचं पोरगं तू, मी काय पळून चाललोय का, सोयाबीन निघाल्यावर देतो की." तो लगेच, "हां हां मामा, काही घाई नाही." परत केलं, परत तेच. तोंडातून आकडा निघेचना. घाम यायचा त्याला, खोटं नाही सांगत.

मी ज्या विचारांची आहे त्यात भीती आधी जाईल आणि मग काम करू असं होत नाही, आधी करायचं. ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती (REBT) काढणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस स्वतः एकोणीस वर्षांचे असताना बायकांशी बोलायला घाबरायचे, म्हणून न्यूयॉर्कच्या एका बागेत बाकावर बसलेल्या शंभरेक बायकांशी मुद्दाम जाऊन बोलले. जमली एकच भेट आणि त्या भेटीलाही ती आली नाही, पण भीती गेली. हे दत्ताला सांगितलं तर म्हणाला, मॅडम त्या बायका त्याच्या नात्यातल्या नव्हत्या ना. आता याला काय उत्तर द्यायचं! मुद्दा बरोबरच होता.

नंतर एकदा बायकोला घेऊन आला. ती बराच वेळ गप्प बसलेली. मी पुन्हा मामाचं विचारलं, तो पुन्हा नातं तुटायचं म्हणायला लागला, तेव्हा ती माझ्याकडं न बघता त्याला म्हणाली, "मामा नाराज होतील ह्याची लई काळजी तुम्हाला. माझी पोत गहाण ठेवून दुकानदाराचे पैसे भरले ते मामाला ठाऊक हाय का?"

नंतर कितीतरी वेळ कोणी बोललं नाही. मीही नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडायचं नसतं, हे मला इतक्या वर्षांच्या कामानं शिकवलंय. दत्ता खाली बघत होता आणि मग हळू म्हणाला, "म्हणजे मामाच्या घराची वायरिंग हिच्या पोतीत झाली." हे वाक्य त्याचं आहे, पण ते निघायला जागा आपण करून दिली एवढं श्रेय मी घेते.

मग त्यानं मागितलं. मामाला फोन नाही, घरी जाऊन, आणि सरळ खरं ते सांगून, दुकानदाराचे भरायला सोनं गहाण ठेवलंय, यातले किती आणि कोणत्या तारखेला देता. मामा चिडले, मामी मध्ये पडली, निम्मे मिळाले. गुरुजींनी पूर्ण दिले, उलट म्हणाले तू कधी मागितलेच नाहीस. एकानं पैशाऐवजी दोन पोती सोयाबीन दिलं आणि यानं ते विकलं. साडू अजून बोलत नाही. सगळे मिळाले नाहीत, पण पोत सुटली, आणि झोपेची तक्रार नंतर निघालीच नाही.

आता धंद्याचं. हे मी दत्तासारख्यांकडूनच शिकले, इलेक्ट्रिकलमधलं मला काय कळतं. घराच्या कामात ठेकेदाराचा हात वर असतो तो वायर ओढेपर्यंतच. एकदा पंखा फिरला की कोणी फोन उचलत नाही. म्हणून हप्ते आधीच कागदावर बोलून घ्यायचे, स्लॅबमधले पाइप टाकल्यावर पहिला, भिंती कापून पाइप आणि बॉक्स बसवल्यावर दुसरा, वायर ओढल्यावर तिसरा, बोर्ड बसवून टेस्टिंग झालं की उरलेला. पाव्हणे असले तर जास्तच लिहून घ्यायचं. आणि मंदीत पहिली कामं लेबर रेटवर, मटेरियल मालकानं आणायचं. नफा कमी सुटतो पण दुकानाची उधारी आपल्या डोक्यावर येत नाही, शिवाय तांब्याचा भाव वर गेला की वायरचे दर वाढतात तो फटकाही आपल्याला बसत नाही. इलेक्ट्रिकल ठेकेदाराच्या लायसन्सचं काम मात्र नोकरीत असतानाच करून घ्या. नवीन मीटरला लायसन्सवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि दुसऱ्याची सही पैसे देऊन आणणारे कायम त्याच्या मर्जीवर राहतात.

मंदीत काम संपत नाही, बदलतं. नवीन घरं थांबली तरी जुन्या घरातले बोर्ड जळायचे राहत नाहीत, शेतातली मोटार, स्टार्टर, दाळमिल, जिनिंग, हॉस्पिटल यांना माणूस लागतोच. छोट्या कंपन्या कायमचा मेंटेनन्सवाला कमी करतात आणि लागेल तसा बाहेरून बोलावतात, दत्ताची दर महिन्याची बांधीव अशी पहिली दोन कामं अशीच आली. कंपनीचं बिल अडकलं तर लघुउद्योगांचं पेमेंट 45 दिवसांच्या पुढं नेऊ नये असा 2006 चा कायदा आहे, पण त्याला आधी लघुउद्योग म्हणून सरकारकडं उद्यम नोंदणी पाहिजे आणि पक्कं बिल पाहिजे. नोंदणी ऑनलाइन फुकट होते, कोणाला पैसे देऊ नका.

मुद्रा कर्जाचं खूपजण विचारतात. माझं म्हणणं, आधी स्वतःची बाकीची पानं काढा. तिथं लाखभर पडले असतील तर बँकेचे पैसेही त्याच वाटेनं जाणार.

दत्तानं नोकरी लगेच सोडली नाही, मीच नको म्हटलं होतं. लायसन्स हातात आलं आणि महिन्याच्या बांधलेल्या कामातून घरभाडं निघायला लागलं तेव्हा सोडली. मध्ये लॉकडाऊनमध्ये वाईट दिवस काढले त्यानं, पण दुकानात उधारी नव्हती म्हणून तरला. आता सोबत दोन पोरं आहेत, एक त्या मामाचाच.

सगळ्यांनी असं करावं असं नाही. घरात मोठं आजारपण चालू असेल, सावकाराचं व्याज चालू असेल, तर आत्ता नोकरी सोडू नका, सुट्टीच्या कामावरच थांबा. आणि रात्र रात्र झोप नाही, दारू वाढलीय, मरणाचे विचार येतात असं असेल तर धंद्याचा विषय पूर्ण बाजूला ठेवा आणि आजच 14416 ला फोन लावा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.