विसार देण्याआधी रस्त्याला टेप लावा

पाच गुंठ्यांचा प्लॉट 9 मीटर रस्ता म्हणून घेतलात आणि आता आर्किटेक्ट म्हणतोय रस्ता साडेसातचाच. मग समोरच्या प्लॉटवाल्याला पैसे देऊन रस्ता रुंद करून घ्यावा का, असा तुमचा प्रश्न. हे दुखणं ओळखीचं आहे. सातबारा, एनए, टायटल यात शिरत नाही, ते वकिलाने पाहिलंच असेल.

माझी घोडचूक एकच. झोन दाखल्यावर (जमीन कशासाठी वापरता येते ते सांगणारा दाखला) 'रहिवास' वाचलं आणि विसार देऊन बसलो. रस्त्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. मंजूर लेआउटची सही-शिक्क्याची प्रत, भाग नकाशा (विकास आराखड्यातला त्या भागाचा तुकडा) आणि मोजणीची क-प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) ही तिन्ही जुळली तरच 'रुंदी' म्हणायचं. टेप कुंपणापासून कुंपणापर्यंत, निदान तीन ठिकाणी. विकणारे समोरच्याचा कट्टाही रस्त्यात धरतात.

दीड मीटरने काय जातं ते बघा. 2020 च्या यूडीसीपीआरच्या (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) मूळ तक्त्यात, महापालिका हद्दीत, दाट वस्ती सोडून, मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) 1.10. रस्ता 9 ते 12 मीटरमध्ये असेल तर 0.50 प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय), 0.40 टीडीआर (दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकाम हक्क), एकूण 2. नऊच्या खाली दोन्ही नाहीत. त्यावर निवासीला जिने-बाल्कनीसारख्या पूरक भागांसाठी 60 टक्के अ‍ॅन्सिलरी. म्हणजे 500 चौ.मी. प्लॉटवर 9 मीटर रस्त्याला 1600, साडेसातला 880 चौ.मी. बांधकाम. जमीन 1 कोटीची धरली तर बांधकामाच्या चौरस फुटाला जमिनीचा बोजा साधारण 580 रुपये की 1055, एवढा फरक. प्रीमियम-टीडीआरचा खर्च यात धरलेला नाही. बिल्डर तो बोजा फ्लॅटच्या दरात घालतो, प्लॉटवाला स्वतःच्या खिशातून भरतो.

आता मार्ग. महापालिकेकडून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली 9 मीटरची रस्तारेषा (रस्त्याची अधिकृत हद्द) आखून घेता येते, मग दोन्ही बाजूंच्या प्लॉटमधून पाऊण-पाऊण मीटर रस्त्यासाठी सुटतं. पण अर्ज अख्ख्या गल्लीने मिळून करा. एकट्या समोरच्याला पटवून मधल्या पट्ट्याचं रुंदीकरण होत नाही, आणि त्यासाठी त्याला पैसे देणं तर माझ्या मते शुद्ध वेडेपणा.

मोजणीला वेळ धरा. एका कार्यालयात तीन तारखा मिळाल्या आणि तिन्ही वेळा तेच ऐकलं, 'लगतधारकाला (शेजारच्या जमीनमालकाला) नोटीस पोचली नाही.' 1 कोटीच्या कर्जावर 12 टक्क्यांनी महिन्याला लाखभर व्याज जातं, आणि खिडकीवरचा माणूस 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतो! नोटीस पोचल्याची पोच स्वतः मागून घ्या.

मी आर्किटेक्ट नाही. तक्त्यात नंतर दुरुस्त्या झाल्यात, चालू प्रत बघा. मुंबईला हे लागू नाही, तिथे डीसीपीआर 2034 ही वेगळी नियमावली. आणि विसारपावतीत रुंदी मीटरमध्ये लिहिली असेल तर आधी वकिलाला तीच ओळ दाखवा.