रशियन माणूस इतकी वर्षं पुतिन यांच्या मागे का उभा आहे, आणि बाहेरच्यांना ते कसं दिसतं?

तुम्ही विचारलंय की रशियातली शिकलीसवरली माणसंसुद्धा पुतिन यांना पाठिंबा कसा देतात, ती भीतीने गप्प आहेत की त्यांना तो नेता खरंच हवा आहे. औषध कंपनीच्या नोकरीत मी काही वर्षं मॉस्कोत आणि मग काझानला काढली. डॉक्टर, फार्मसीवाले, गोदामातले कामगार यांच्याशी रोजचा संबंध होता. त्या अनुभवावरून माझं ठाम मत झालंय की हा पाठिंबा बराच काळ खरा होता, आणि मुळात तो पुतिन यांच्या बाजूने कमी, त्यांच्या आधीच्या दहा वर्षांच्या विरोधात जास्त होता.

ती दहा वर्षं कशी होती हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि २ जानेवारी १९९२ पासून सरकारने बहुतेक वस्तूंच्या किमतींवरचं नियंत्रण काढून टाकलं. त्या एका वर्षात किमती सुमारे २६ पट झाल्या. लोकांची आयुष्यभराची बचत सरकारी बचत बँकेत होती, ती तिथेच राहिली आणि तिची किंमत तेवढी गेली. माझी काझानची घरमालकीण निवृत्त शिक्षिका होती. मोटारीसाठी तिने आणि नवऱ्याने साठवलेल्या पैशांत पुढे धड हिवाळी बूटही येईनात, हे ती सांगायची तेव्हा इतक्या वर्षांनीही तिचा आवाज चढायचा. सरकारी कारखाने जनतेच्या मालकीचे करतो म्हणून माणशी १०,००० रूबलचं एकेक व्हाउचर वाटलं गेलं. बहुतेकांनी ते किरकोळ पैशात विकलं किंवा कुठल्यातरी फंडात घालून गमावलं. १९९५ मध्ये तेल आणि निकेलच्या काही सर्वात मोठ्या कंपन्या मूठभर बँकवाल्यांच्या हातात गेल्या. पगार महिनोन्‌महिने थकायचे. अल्ताय भागात तर शिक्षकांना पगारापोटी वोडकाच्या बाटल्या दिल्या गेल्या. पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९८७ च्या सुमारास ६५ वर्षं होतं, ते १९९४ मध्ये ५८ च्या खाली आलं. मोठं युद्ध नाही, मोठी साथ नाही, आणि तरी एका देशातल्या पुरुषांची सात वर्षं गेली.

आणि या सगळ्याला तेव्हा 'लोकशाही' म्हणत होते. सामान्य रशियन माणसाने लोकशाही पहिल्यांदा पाहिली ती अशी. १९९३ मध्ये अध्यक्ष येल्त्सिन यांनी स्वतःच्याच संसदेच्या इमारतीवर रणगाड्यांतून मारा केला, आणि पाश्चात्य राजधान्यांनी त्यांनाच पाठिंबा दिला. ऑगस्ट १९९८ मध्ये सरकारने कर्जफेड थांबवली. डॉलरला सहा रूबल हा दर वर्षअखेर वीसच्या वर गेला आणि जे थोडंफार पुन्हा साठलं होतं तेही गेलं.

बाहेरच्या माणसाची नजर आणि आतल्या माणसाची नजर किती वेगळी असते याचं सर्वात बोलकं उदाहरण मला सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते गोर्बाचेव्ह यांचं वाटतं. १९९० मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. आपल्याकडेही त्यांच्याविषयी आदराने बोललं जायचं. १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते उभे राहिले तेव्हा त्यांना मतं पडली सुमारे अर्धा टक्का.

पुतिन ऑगस्ट १९९९ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. सप्टेंबरमध्ये मॉस्कोसह तीन शहरांत राहत्या इमारती स्फोटांनी उडवल्या गेल्या, जवळपास ३०० माणसं झोपेत मेली, आणि चेचन्या या रशियाच्याच प्रांतात दुसरं युद्ध सुरू झालं. त्या हिवाळ्यात लोकांना न पिणारा, वेळेवर कामाला येणारा, दोन वाक्यांत उत्तर देणारा माणूस टीव्हीवर दिसला. हे आपल्याला क्षुल्लक वाटेल, पण अडखळणाऱ्या, आजारी येल्त्सिन यांना बघून लाजलेल्या लोकांसाठी ते क्षुल्लक नव्हतं. पुढे नशीबही जोराचं निघालं. १९९८ च्या शेवटी तेलाचा भाव पिंपामागे १० डॉलरच्या आसपास होता, जुलै २००८ मध्ये तो १४० च्या पुढे गेला. पेन्शन वेळेवर यायला लागली. घरमालकिणीच्या लेखी पुतिन म्हणजे महिन्याच्या ठरल्या तारखेला येणारी पेन्शन. तेलाचं श्रेय तेलाला द्यायचं की पुतिन यांना, यावर मी तिच्याशी वाद घालायचो. ती म्हणायची, तेल तर येल्त्सिन यांच्याकडेही होतं, मग माझा पगार का थकला?

यात एक जुना समजही मिसळला: झार चांगला, त्याचे सरदार वाईट. पिकाल्योवो या छोट्या गावात तीन कारखाने बंद पडले होते, पगार थकले होते, आणि जून २००९ मध्ये लोकांनी महामार्ग अडवला. पुतिन हेलिकॉप्टरने तिथे गेले, अब्जाधीश मालक ओलेग देरिपास्का यांना कॅमेऱ्यांसमोर बोलावलं, करारावर सही करायला लावली आणि वर 'माझं पेन परत द्या' असं सुनावलं. त्याच दिवशी पगार जमा व्हायला लागले. टीव्हीवर हे बघणाऱ्याच्या मनात असा प्रश्न येत नाही की दहा वर्षं सत्ता याच माणसाकडे असताना पगार थकले कसे. २०१८ मध्ये निवृत्तीचं वय वाढवायचं ठरलं तेव्हाही तेच. सरकारने स्त्रियांसाठी ५५ वरून ६३ चा प्रस्ताव आणला, लोक भडकले, मग पुतिन यांनी टीव्हीवर येऊन ते ६० केलं. पुरुषांसाठीचा ६५ चा प्रस्ताव मात्र तसाच राहिला. या वेळी लोकांनी त्यांना माफ केलं नाही, त्यांची लोकप्रियता बरीच घसरली. म्हणजे 'गुलाम वृत्तीची जमात' वगैरे जे बाहेर म्हटलं जातं ते खोटं आहे. आपल्या पेन्शनला हात लागला की रशियन माणूस बरोबर हिशेब मागतो.

आता भीतीचा भाग. २०१५ च्या सुरुवातीला काही राज्यशास्त्रज्ञांनी एक चांगली युक्ती वापरली. लोकांना तीन नेत्यांची यादी द्यायची आणि यातल्या कितींना तुमचा पाठिंबा आहे एवढंच विचारायचं, कोणाला ते नाही. दुसऱ्या गटाला तीच यादी, फक्त पुतिन यांचं नाव वाढवून. दोन सरासऱ्यांमधला फरक म्हणजे त्यांचा पाठिंबा, आणि कोणाचं उत्तर काय हे कोणालाच कळत नाही. निष्कर्ष असा निघाला की थेट विचारल्यावर जो ८० टक्क्यांच्या पुढचा आकडा येत होता, त्यातला फार थोडा भाग भीतीचा होता. पण हे युक्रेनकडून क्रिमिया घेतल्यानंतरचं वर्ष होतं आणि टीव्ही पूर्णपणे सरकारच्या हातात होता. २००० मध्ये कुर्स्क पाणबुडीत ११८ नौसैनिक मेले तेव्हा खासगी वाहिन्यांनी सुट्टीवर असलेल्या पुतिन यांना फाडून खाल्लं होतं. वर्षभरात एनटीव्ही ही त्यातली प्रमुख वाहिनी सरकारी गॅसकंपनीच्या ताब्यात गेली. २००३ मध्ये तेलसम्राट खोदोर्कोव्हस्की तुरुंगात, २००४ मध्ये बेस्लानच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर राज्यपालांच्या निवडणुकाच रद्द. पंधरा वर्षं ज्याला पुतिन यांच्याखेरीज दुसरं कोणी दाखवलंच नाही, त्याला 'तुम्हाला कोण हवं' असं विचारण्यात काय अर्थ? काझानमधले माझे डॉक्टर मित्र भ्रष्टाचारावर तासभर बोलायचे आणि शेवटी म्हणायचे, पण ते नाहीत तर कोण? पर्याय मोडून काढणाऱ्यालाच पर्याय नसल्याचा फायदा मिळतो, आणि माझा राग सर्वात जास्त याच गोष्टीवर आहे.

२०२२ नंतर तर आकड्यांवर विसंबणं मला पटत नाही. मॉस्कोतल्या एका प्रभागाचे नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव यांना बैठकीत युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. अशा देशात फोनवरच्या अनोळखी माणसाला कोण खरं सांगेल? पण जानेवारी २०२४ मध्ये युद्धविरोधी उमेदवार बोरिस नादेझदिन यांच्या अर्जावर सही करायला लोक कडाक्याच्या थंडीत रांगा लावून उभे होते. स्वतःच्या पासपोर्टचा नंबर लिहून. आयोगाने त्यांचा अर्ज फेटाळला. तुरुंगात मेलेले विरोधी नेते नवाल्नी यांच्या अंत्यविधीला हजारो आले. म्हणून 'सगळे रशियन असेच' हे वाक्य ऐकलं की मला त्रास होतो.

बाहेरच्यांमध्येही सगळे सारखे नाहीत. पाश्चात्यांनी आधी पुतिन यांच्याशी व्यापार केला, मग त्यांना राक्षस ठरवलं, आणि दोन्ही वेळा नव्वदच्या दशकातला आपला हात विसरले. आपण भारतीय १९७१ च्या आठवणीतून बघतो. ती मैत्री खरी होती, संयुक्त राष्ट्रांत आपल्या बाजूने वापरलेला तो नकाराधिकार खरा होता. पण तो सोव्हिएत संघाचा होता, आणि युक्रेनही त्याचाच भाग होता. आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुतिन यांचे घोड्यावरचे फोटो कौतुकाने फिरतात, कारण त्यांच्या कारभाराची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही. ज्या भारतीय तरुणांना नोकरीच्या नावाखाली एजंटांनी रशियन सैन्यात ढकललं, त्यातले काही मेले, त्यांच्या घरच्यांना हे कौतुक बघवत असेल का? आणि युक्रेनच्या खारकीव्हमधला माणूस, जो घरात रशियनच बोलतो, त्याने सीमेपलीकडच्या सख्ख्या नातेवाइकांना फोन करून आमच्यावर बॉम्ब पडतायत म्हणून सांगितलं तर उत्तर आलं की टीव्हीवर तर तसं काही नाही. अशा कित्येक हकिगती युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत बाहेर आल्या.

हा पाठिंबा कधी तुटेल, असंही तुम्ही विचारलंय. मी सप्टेंबर २०२२ कडे बोट दाखवीन. तीन लाख राखीव सैनिकांना बोलावण्याची घोषणा झाली आणि काही आठवड्यांत लाखो लोक जॉर्जिया, कझाकस्तानच्या सीमेकडे निघाले. तुम्ही राजकारणात पडू नका, आम्ही तुमच्या घरात शिरणार नाही, हा इतक्या वर्षांचा अलिखित करार त्या दिवशी मोडला होता. सरकारला ते लगेच कळलं. त्यानंतर तशी दुसरी घोषणा करण्याऐवजी सैन्यात येणाऱ्याला लाखो रूबल रोख द्यायचा मार्ग धरला गेला, आणि तुवा, बुर्यातिया यांसारख्या गरीब प्रांतांतून माणसं लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त मेली. मॉस्कोच्या मानाने तर फारच.