वाचकांचे प्रश्न : रॉक संगीतकारांची चरित्रे कोणती वाचावीत?

प्रश्न : माझा मुलगा बेळगावात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून फावल्या वेळात गिटार वाजवतो. आमच्या घरात भजन आणि नाट्यसंगीत चालत आले असल्यामुळे त्याच्या आवडीच्या संगीताशी माझी ओळख नाही. वाढदिवसाला त्याला एखाद्या रॉक संगीतकाराचे चांगले चरित्र द्यावे असे मनात आहे. परंतु दुकानात पाहावे तर बहुतेक पुस्तकांच्या मलपृष्ठावर व्यसने आणि भानगडी यांचीच जाहिरात दिसते. काय घ्यावे आणि काय टाळावे? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आपली शंका रास्त आहे. गाण्याला बगल देऊन गाणाऱ्याच्या खोलीत डोकावण्यासाठीच लिहिलेली पुस्तके या प्रकारात पुष्कळ आहेत. मुलगा स्वतः वाजवतो, म्हणून मी सर्वांत आधी ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश रॉक गटाचे गिटारवादक कीथ रिचर्ड्‌स यांचे ‘लाइफ’ (२०१०) सुचवतो. पत्रकार जेम्स फॉक्स यांच्या साहाय्याने लिहिलेल्या या आत्मचरित्रात अमली पदार्थांची पाने कमी नाहीत, हे आपल्यापासून लपवणे योग्य होणार नाही. परंतु गिटारची सर्वांत जाड तार काढून टाकून उरलेल्या पाच तारा जी, डी, जी, बी, डी या पाश्चात्त्य स्वरांत लावल्यावर आपल्याला जणू नवे वाद्यच सापडले, हे त्यांनी ज्या आनंदाने सांगितले आहे, तसे वर्णन मला दुसऱ्या कुठल्याही रॉक आत्मचरित्रात आढळलेले नाही. ते वाचून टिळकवाडीतल्या माझ्या पुतण्याने आपल्या गिटारची सहावी तार उतरवून ठेवली, बाकीच्या तारा तशा लावल्या आणि डाव्या हाताचे एकही बोट न टेकवता उजवा हात फिरवला, तेव्हा पाचही तारा एकमेकींत मिळून घुमल्या. रोलिंग स्टोन्सच्या ‘हाँकी टाँक विमेन’ या गाण्याची जी सुरुवात तो वर्षभर सहा तारांवर शोधत होता, ती त्याला त्या संध्याकाळी हाताखाली मिळाली.

सुळेभावीच्या कुमार गंधर्वांचे गुरू बी. आर. देवधर यांचे ‘थोर संगीतकार’ आपल्या घरी कदाचित असेल. त्यात बुजुर्ग गवयांचे स्वभाव जसे त्यांच्या गाण्याला धरून येतात, तसे ज्या पुस्तकात येतात ते खुशाल घ्यावे. पीटर गुरालनिक यांचे एल्व्हिस प्रेस्लीचे दोन खंडांतले चरित्र (१९९४ आणि १९९९) या कसोटीला पुरेपूर उतरते. बीटल्सवरचे मार्क ल्यूसन यांचे ‘ट्यून इन’ (२०१३) फार मोठे आहे आणि १९६२ च्या अखेरीस थांबते, म्हणजे तोवर त्या चौघांचा पहिला अल्बमही निघालेला नसतो. पण कोणती हकीकत कोणत्या पत्रावरून, कोणत्या मुलाखतीवरून घेतली, हे लेखकाने इतक्या निष्ठेने नोंदवले आहे की इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही त्याकडून शिकावे.

टाळण्याजोग्या पुस्तकांत अल्बर्ट गोल्डमन यांचे बीटल्समधल्या जॉन लेननवरचे चरित्र (१९८८) मी पहिले धरतो. ते लेननच्या हत्येनंतर आठ वर्षांनी आले, म्हणजे ज्याच्यावर आरोप केले तो उत्तर द्यायला उरला नव्हता. लेननची पत्नी योको ओनो आणि बीटल्समधला त्याचा सहकारी पॉल मॅकार्टनी या दोघांनीही ते धिक्कारले. चरित्रनायकाविषयी मनात तिरस्कार धरून लिहिलेल्या पुस्तकातून त्याचे गाणे कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चार्ल्स क्रॉस यांनी लिहिलेले ‘निर्वाना’ या रॉक गटाचा गायक कर्ट कोबेन याचे चरित्र (२००१) पुष्कळ मुलाखतींवर उभे असून बरेचसे वाचनीय आहे; मात्र एकट्या असलेल्या कोबेनचे अखेरचे तास लेखकाने कल्पनेने रंगवले आहेत. अशा ठिकाणी ‘हे लेखकाला कसे कळले?’ असा प्रश्न मुलाने स्वतःला विचारावा, एवढे त्याला अवश्य सांगा.

प्रश्न : मी खानापूरला राहते आणि महाविद्यालयात शिकते. बॉब डिलन आणि पॅटी स्मिथ या दोघा अमेरिकन गायक-गीतकारांची आत्मकथने माझ्या यादीत आहेत. आधी कोणते वाचावे? – एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी पॅटी स्मिथ यांचे वाचावे. डिलन यांच्या ‘क्रॉनिकल्स’च्या पहिल्या खंडाची (२००४) भाषा मोहक आहे, परंतु त्यातली अनेक वाक्ये इतरांच्या लेखनातून आलेली असल्याचे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले, त्यामुळे ते साहित्य म्हणून वाचावे, चरित्राचा पुरावा म्हणून नव्हे. स्मिथ यांचे ‘जस्ट किड्स’ (२०१०) ही छायाचित्रकार रॉबर्ट मॅपलथॉर्प यांच्याशी असलेल्या त्यांच्या मैत्रीची हकीकत आहे. न्यूयॉर्कमध्ये हाती पैसा नसताना, पुस्तकांच्या दुकानात नोकरी करत, दोघांनी एकमेकांच्या कलेवर कसा विश्वास ठेवला, हे त्यांनी विलक्षण जिव्हाळ्याने लिहिले आहे आणि त्या पुस्तकाला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, तो सार्थच होता. वाचायला घेण्यापूर्वी त्यांचा ‘हॉर्सेस’ (१९७५) हा अल्बम ऐकावा आणि पांढरा सदरा घातलेल्या पॅटींचे त्याच्या मुखपृष्ठावरचे छायाचित्र नीट पाहून ठेवावे; ते मॅपलथॉर्प यांनीच काढले असून, ते काढले त्या दिवसाची हकीकत आपल्याला पुस्तकात भेटेल.