ब्राउझरमध्ये पुन्हा भेटलेला स्पेक्ट्रम

प्रश्न : शाळकरी वयात मी झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर बेसिक ही प्रोग्रामिंग भाषा शिकलो. परवा मुलाने तोच संगणक ब्राउझरमध्ये चालवून दाखवला. हे कसे साधते? आणि सगळे हुबेहूब असूनही काहीतरी हुकल्यासारखे वाटले, ते निव्वळ स्मृतिरंजन म्हणायचे का?

उत्तर : १९८२ साली आलेल्या स्पेक्ट्रममध्ये साडेतीन मेगाहर्ट्‌झचा झेड-८० प्रोसेसर होता. त्याची एकेक आज्ञा वाचून तिचा परिणाम जसाच्या तसा घडवणाऱ्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत आलेल्या वेबअसेंबलीमुळे, म्हणजे इतर भाषांतले प्रोग्राम ब्राउझरला वेगाने चालवता येतील अशा रूपामुळे, सी या प्रोग्रामिंग भाषेतला एम्युलेटर वेगळा इन्स्टॉल न करताही वेब पानावर वेगाने चालतो; चित्र कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या रेखाटनाच्या चौकटीत, उमटते आणि आवाज वेब ऑडिओ ही ब्राउझरची सोय सांभाळते.

आता हुकलेल्या गोष्टीबद्दल. आपल्याला ते जाणवले ते योग्यच आहे, असे मला वाटते. स्पेक्ट्रमच्या पडद्याला ६,९१२ बाइट लागत. त्यांतले ६,१४४ ठिपक्यांसाठी आणि उरलेले ७६८ रंगांसाठी. प्रोग्राम आणि चित्रे ध्वनीच्या रूपात कॅसेटवर साठवलेली असत. कॅसेटवरून चित्र येताना आधी रेषारेषांनी बिनरंगाची आकृती भरत जाई आणि अगदी शेवटी तिच्यावर वरून खाली रंग चढत. ती पाऊण मिनिटाची उत्कंठा अनेक एम्युलेटर झटपट लोडिंगच्या सोयीपायी गाळून टाकतात. ती सोय बंद करून पाहावी. माझ्या मते लोडिंगचा तो कर्कश आवाजही ऐकण्यासारखा आहे.

त्याहून मोठा फरक असा, की तो संगणक सुरू होताच आज्ञेची वाट पाहत असे आणि पडद्याच्या स्मृतीपर्यंत आपला हात थेट पोहोचत असे. आजच्या वेब पानात आपण आणि पडदा यांच्यामध्ये पानाचा मजकूर मांडणारे एचटीएमएल, रूप ठरवणारे सीएसएस, हालचाल घडवणारी जावास्क्रिप्ट आणि बहुधा एखादे फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडचा सांगाडा, असते. त्या थरांमुळेच एकच पान फोनवर आणि मोठ्या पडद्यावरही नीट दिसते, म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. पण शिकणाऱ्याला पहिला ठिपका आपण उमटवला, हे समाधान त्यांत उशिरा मिळते.

मुलाला शेजारी बसवून एम्युलेटरमध्ये ‘पोक २२५२८, १६’ (POKE 22528, 16) ही आज्ञा द्या; ती स्मृतीतल्या २२५२८ क्रमांकाच्या जागी १६ हा आकडा लिहिते : पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातला वरचा चौकोन लाल होईल. मग एखादे साधे पान उघडून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या आज्ञा थेट लिहिण्याच्या खिडकीत, त्या पानाची पार्श्वभूमी लाल करणारी एक ओळ त्याला स्वतः लिहू द्या.