वाचकांचे प्रश्न : नेमाला टेकू कशाचा?

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे नाशिकचे, सध्या न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला असतो. यंदा बंदुकीचा परवाना मिळाला आणि .३०८ ची बोल्ट-ॲक्शन रायफल घेतली. रेंजवर टेबलावरून नेम चांगला लागतो, पण नुसत्या हातावर धरली की दीडशे मीटरवर स्कोपमधली फुली नाचायला लागते. एप्रिलमध्ये रेड डिअरच्या शिकारीला जायचंय. दुकानदार म्हणतो बायपॉड (रायफलखाली बसवायचा दोन पायांचा टेकू) घ्या, मित्र म्हणतात काठ्या घे. काय करू?

उत्तर : आधी मला सांगा, जाणार कुठे? वेस्ट कोस्टच्या दाट रानात हरीण दिसतं तेच तीस-चाळीस मीटरवर, आणि तेही दोन-तीन सेकंद. तिथे बायपॉडचे पाय उघडायला सवड नसते, उलट ते वेलींत अडकतात. झाडाच्या बुंध्याला डावा हात टेकवायचा आणि रायफल त्या हातावर ठेवायची, झालं. कँटरबरीच्या नदीखोऱ्यांत मात्र समोरच्या उतारावर जनावर दीडशे-दोनशे मीटरवर निवांत चरत असतं. टेकू लागतो तो तिथे.

आणि तिथेही माझा पहिला टेकू म्हणजे पाठीवरची सॅक. आडवी टाकायची, वर जॅकेटची घडी, त्यावर दस्त्याचा पुढचा भाग. नळी नाही! गोळी सुटताना नळी कंप पावते. ती दगडाला किंवा फांदीला टेकलेली असली की गोळी नेहमीच्या जागी जात नाही.

मागच्या टोकाकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. पुढे महागडा बायपॉड आणि मागे दस्ता नुसता खांद्यावर, मग फुली श्वासाबरोबर वरखाली होणारच. एक जुना लोकरी मोजा घ्या, पाऊण भाग तांदूळ भरा, तोंड शिवून टाका. पालथं पडल्यावर तो दस्त्याच्या मागच्या टोकाखाली ठेवायचा. मुठीत आवळला की फुली खाली येते, मूठ सैल केली की वर जाते. माझ्या मोज्यातले तांदूळ एकदा पावसात भिजून आंबले, तेव्हापासून मी प्लॅस्टिकचे मणी भरते.

एवढं करूनही बायपॉड हवाच असेल तर हॅरिसचा ६ ते ९ इंची घ्या, नावात ‘एस’ असलेला. तो डावी-उजवीकडे कलतो, त्यामुळे तिरप्या जमिनीवरही रायफल सरळ ठेवता येते. वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम. दिवसभर चढल्यावर तेवढंही जाणवतं. पण टसॉक गवत गुडघाभर असेल तर या उंचीवरून समोर गवताशिवाय काही दिसत नाही. तिथे बसून नेम धरावा लागतो, आणि त्यासाठी चालायच्या दोन काठ्या वरून चार बोटांवर रबरी पट्ट्याने बांधून कैचीसारख्या उघडल्या तरी भागतं. तुमच्या जागी मी पहिला हंगाम सॅक आणि या काठ्यांवर काढला असता.

बायपॉड बसवलात तर घरी एक तपासणी करा. पाच डॉलरची हिलरीची नोट नळी आणि दस्त्याच्या मधल्या फटीतून सरकवून बघा. मग रायफल बायपॉडवर ठेवून, खांद्याने पुढे रेटून, दुसऱ्या कुणाला तीच नोट सरकवायला सांगा. अडकली, तर प्लॅस्टिकचा दस्ता वाकून नळीला टेकतोय. टेबलावर जुळवलेला झिरो, म्हणजे फुली जिथे तिथेच गोळी हा मेळ, मग डोंगरात खरा ठरत नाही. या सगळ्या वेळी चेंबर (गोळी बसते तो कप्पा) रिकामं, आणि ते दोनदा बघितलेलं.

बायपॉडच्या पायांच्या स्प्रिंगचंही सांगते. माझ्यापुढे ऐंशी मीटरवर एक मादी उभी होती, मी पाय झटक्यात उघडले, ‘खट्’ झालं आणि ती दिसेनाशी झाली. पाय हाताने धरून हळू सोडायचे.

मी हे इतकं लावून धरते, त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या हंगामात मी उभ्याने, कशाचाही टेकू न घेता गोळी झाडली. ती पोटात लागली. दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंत नेच्याच्या पानांवरचे रक्ताचे थेंब शोधत मी त्या मादीमागे गेले. सापडली तेव्हा ती जिवंत होती. छातीतली मर्माची जागा फार तर वीत-सव्वावीत. कसल्याही टेकूवरून तेवढ्या कागदावर पाचच्या पाच गोळ्या ज्या अंतरावर बसतात, ते तुमचं अंतर. त्याच्या पुढचं जनावर जाऊ द्या.

आणि रायफल टेकूवर स्थिर झाली की स्कोपमधून सगळा डोंगर न्याहाळावासा वाटतो. ते करू नका. हलणारं तपकिरी काहीतरी माणूसही असू शकतं. आधी दुर्बीण, मग खात्री, मगच रायफल.

प्रश्न : मी कोल्हापूरला १० मीटर एअर रायफल शिकतोय. सरावात बायपॉड वापरला तर चालेल का?

उत्तर : स्पर्धेत बायपॉड चालत नाही. १० मीटरला उभं राहूनच नेम धरायचा, पट्टासुद्धा नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. त्या प्रकारात गुडघ्यावर बसून आणि पालथं पडून झाडताना दंडाला पट्टा असतो, गुडघ्यावर बसताना घोट्याखाली गोल उशी घेता येते. उभं राहिलं की पट्टा काढावा लागतो. शिकाऱ्याचा टेकू वेगळा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंदच आहे, न्यूझीलंडमध्ये हरणं माणसांनी बाहेरून आणून सोडली आणि ती मूळचं रान खातात, म्हणून तिथे परवान्यावर मुभा आहे. सुरुवातीला ट्रिगरची सवय होईपर्यंत टेकूवरून झाडायला हरकत नाही. नंतर तो बाजूला ठेवा आणि डावं कोपर बरगडीला-कमरेला नीट टेकतंय का, हे रोज प्रशिक्षकांकडून बघून घ्या.