पिंग होतंय, मग पत्रिका का अडते?

प्रश्न : ताई, नमस्कार. इचलकरंजीत आमचा छापखाना आहे आणि कोल्हापुरात महाद्वार रोडजवळ लग्नपत्रिकांचं काउंटर. डिझाइनच्या सगळ्या फाइली छापखान्यातल्या विंडोज सर्व्हरवर असतात. दोन्हीकडे शंभर एमबीपीएसची फायबर लाइन, दोन्हीकडे फायरवॉल, मध्ये व्हीपीएन (दोन्ही जागा इंटरनेटवरून जोडणारी खाजगी वाट). दिवाळीआधी हे चालू केलं तेव्हा काउंटरवरून फोल्डर उघडायचा, मजकुराची छोटी वर्ड फाइल लगेच यायची, पण कोरलची मोठी फाइल सुरू व्हायची आणि तिथंच बसायची. ज्यांच्याकडून फायरवॉल घेतला त्यांचा मुलगा आला, त्यानं आत कुठंतरी एक टिक मारली. तेव्हापासून फाइल येते, पण १४० एमबीची पत्रिका यायला २५ मिनिटं. छापखान्यात बसून तीच फाइल दोन सेकंदांत उघडते. गूगल ड्राइव्हवर टाकून घेतली तर मिनिटभरात. मुलगा म्हणतो, तीनशेचा प्लॅन घ्या. तुळशीचं लग्न झालं, गिऱ्हाईक प्रूफ बघायला काउंटरवर उभं राहतंय आणि आम्ही पोराला पेनड्राइव्ह देऊन मोटारसायकलवर पाठवतोय. प्लॅन वाढवावा का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नका वाढवू. १४० एमबी शंभरच्या लाइनवरून यायला अकरा-बारा सेकंद लागतात. व्हीपीएनचं ओझं धरून वीस-पंचवीस म्हणा. तुम्हाला २५ मिनिटं लागतात, म्हणजे वेग पडतो जेमतेम पाऊण एमबीपीएस. शंभरातला पाऊणच वापरला जातोय, तर तीनशेतलाही पाऊणच वापरला जाईल. (चार पत्रिका आणायच्या असतील तर सध्या मोटारसायकलच जिंकते, त्यामुळे तुमचा निर्णय चुकलेला नाही.)

‘छोटी यायची, मोठी बसायची’ हे वाक्य वाचलं आणि मी उरलेलं पत्र वाचायच्या आधी कागदावर १५०० हा आकडा लिहिला. फाइल नेटवर्कवरून छोट्या गठ्ठ्यांत जाते, त्या गठ्ठ्याला पॅकेट म्हणतात. इथरनेटवरून, म्हणजे साध्या केबलच्या नेटवर्कवरून, जाणारं एक पॅकेट सहसा जास्तीत जास्त १५०० बाइटचं असतं, त्या मापाला एमटीयू म्हणतात. तुमची फायबर लाइन यूजरनेम-पासवर्ड टाकून जोडली जाते. त्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात आणि ती आठ बाइट स्वतःकडे ठेवते. राहिले १४९२. त्यावर व्हीपीएन पॅकेटला कुलूपबंद करून नव्या पाकिटात घालतो, त्या पाकिटाचं वजन आणखी साठ-सत्तर बाइट. म्हणजे काउंटरचा संगणक आणि सर्व्हर दोघंही १५०० चं माप धरून बसलेत आणि मधला रस्ता मात्र अरुंद आहे.

तुमच्याच भाषेत सांगते. डबल डेमी शीट लहान मशीनवर चढत नाही. तुम्ही काय करता? एकतर कापून दोन करता, नाहीतर गोदामाला फोन करून सांगता की बाबा, लहान शीट पाठव. नेटवर्कमध्येही हे दोनच मार्ग आहेत.

पहिला तुमच्याकडे आधीच बंद होता. फाइल पोच घेत-घेत पाठवायच्या रीतीला टीसीपी म्हणतात. विंडोज टीसीपीच्या पॅकेटवर ‘कापू नका’ असा शिक्का मारूनच पाठवतं, त्याला डीएफ बिट म्हणतात. असं पॅकेट मावलं नाही, तर वाटेतल्या यंत्रानं ते टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला चिठ्ठी धाडायची : इथून एवढ्याच मापाचं जातं. नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना असे निरोप धाडतात, त्या रीतीला आयसीएमपी म्हणतात, आणि ही चिठ्ठी म्हणजे आयसीएमपीचा प्रकार ३, कोड ४. ही सगळी रीत १९९० च्या नोव्हेंबरमध्ये आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहून ठेवलेली आहे. चिठ्ठी पोचली तर सर्व्हर दुसऱ्या क्षणी लहान पॅकेटं पाठवू लागतो, कुणाला कळतही नाही. तुमच्या फायरवॉलवर पिंग (समोरचा संगणक उत्तर देतो का, हे बघायची हाक) सोडून बाकीचं आयसीएमपी सरसकट बंद असणार. पॅकेट टाकलं जातंय, चिठ्ठी निघत नाही, सर्व्हर वाट बघतोय, पुन्हा तेच माप पाठवतोय. फोल्डरची यादी आणि वर्डची फाइल लहान, म्हणून त्या सुटल्या.

आयसीएमपी बंद ठेवणाऱ्याला मी हसणार नाही, कारण बरीच वर्षं मीही तेच करत होते. १९९६ च्या सुमारास ‘पिंग ऑफ डेथ’ नावाचा प्रकार निघाला होता. ६५,५३५ बाइटांच्या वर भरणारं पिंग तुकड्यातुकड्यांनी पाठवायचं, समोरचा संगणक ते जोडायला गेला की कोसळायचा. त्या भीतीत आम्ही शिकलो आणि नियमांच्या यादीत आयसीएमपीपुढे फुली मारायची सवय लागली. पुण्यात एका हिशेबनिसांच्या ऑफिसात अशीच मोठी फाइल बसायची. मी स्विच (केबली एकत्र जोडणारा डबा) बदलला, केबलची टोकं पुन्हा क्रिम्प केली, बिल लावलं. तिसऱ्या खेपेला माझाच नियम माझ्यासमोर आला. स्विचचे पैसे परत केले.

आता त्या मुलाची टिक. पत्र मिळाल्यावर मी तुम्हाला त्या पानाचा फोटो मागवला होता. टिक आहे ‘डीएफ बिटकडे दुर्लक्ष करा’ या ओळीसमोर. म्हणजे त्यानं शिक्का पुसून कटिंग मशीन चालू केलं. प्रत्येक भरलेल्या पॅकेटचे दोन तुकडे : एक चौदाशेच्या आसपास आणि दुसरा जेमतेम शंभर बाइटची पट्टी. तुमच्या १४० एमबीची पॅकेटं होतात लाखाच्या आसपास, तुकडे दोन लाख.

कापण्यात काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतं ते जोडताना. पोर्ट नंबर, म्हणजे हे पॅकेट ४४५ वरच्या फाइल शेअरिंगचं आहे ही खूण, फक्त पहिल्या तुकड्यावर असते. दुसऱ्या पट्टीवर काहीच नसतं. फायरवॉलचं कामच मुळी खूण बघून आत सोडायचं, त्यामुळे त्याला पहिला तुकडा हातात धरून दुसऱ्याची वाट बघावी लागते. अखंड पॅकेटं झटपट सरकवणारी सोय बऱ्याच छोट्या डब्यांत असते. तुकडे मात्र साध्या प्रोसेसरकडे जातात. फाइल उतरत असताना तुमच्या फायरवॉलचा सीपीयू ९४ टक्क्यांवर होता, हे तुम्हीच दुसऱ्या फोटोत पाठवलंत. अशा धांदलीत एखादी पट्टी गळाली की अख्खं पॅकेट रद्द आणि पुन्हा मागवा. त्यात टीसीपी असं समजतं की रस्त्यात गर्दी आहे, आणि शहाण्यासारखा वेग कमी करतं. तुमची २५ मिनिटं तिथं जातात.

टिक काढून मी तुमच्याकडून माप घ्यायला लावलं, ते इतर वाचकांसाठी सांगते. काउंटरच्या संगणकावर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) पिंग -एफ -एल १४७२ आणि पुढे सर्व्हरचा पत्ता (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं). एफ म्हणजे कापू नका, एल म्हणजे माप. १४७२ का? कारण २८ बाइट पिंगच्या स्वतःच्या डोक्यावर असतात, दोन्ही मिळून १५००. उत्तर आलं नाही की आकडा कमी करत जायचं. तुमच्याकडे १३९४ ला उत्तर आलं, १३९५ ला नाही. एका बाइटचा फरक! आणि नाही म्हणजे कसं नाही, तेही बघा. ‘पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड’ असं आलं असतं तर चिठ्ठी पोचतेय असा अर्थ, मग दोष दुसरीकडे शोधायचा. तुमच्याकडे नुसतं ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं. टिक असताना हेच माप घेतलं असतं तर १४७२ लाही उत्तरं आली असती, कारण फायरवॉल गुपचूप कापत होता. म्हणून आधी टिक काढायची, मग मोजायचं.

१३९४ अधिक २८, म्हणजे रस्ता १४२२ चा. त्यातून आयपी आणि टीसीपी पॅकेटवर जी पत्त्याची नोंद लिहितात तिचे मिळून ४० वजा, राहिले १३८२. हा झाला एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात खरा माल किती. थोडी मोकळीक ठेवून १३६० धरा. त्या मुलाला एवढंच सांगा : दोन्ही फायरवॉलवर, व्हीपीएनच्या नियमात, टीसीपी एमएसएस १३६० ला बांध आणि आयसीएमपी प्रकार ३, कोड ४ ला वाट दे. डीएफची टिक पुन्हा मारू नको. जोडणी होताना दोन्ही संगणक आपापलं माप सांगतात, फायरवॉल त्या पहिल्या बोलण्यातच १४६० (१५०० वजा ४०) खोडून १३६० लिहितो. पुढे कापायची वेळच येत नाही. एकेका संगणकाचा एमटीयू बदलत बसू नका, उद्या नवीन संगणक आला की विसराल.

एक गोष्ट इथंच नेहमी फसते. माप फक्त नव्या जोडणीला लागू होतं. सेटिंग केलं, लगेच फाइल ओढून बघितली, ‘काही फरक नाही ताई’ असा फोन. काउंटरचा मॅप केलेला ड्राइव्ह आधीपासून जोडलेला असतो, तो जुन्याच मापानं चालत राहतो. संगणक बंद करून चालू करा, मगच घड्याळ लावा.

प्रश्न : घरी एनएएस (घरच्या नेटवर्कला जोडायचा फाइली साठवणारा डबा) घेतला. वेग वाढतो म्हणून त्यात आणि लॅपटॉपच्या केबलच्या सेटिंगमध्ये जम्बो फ्रेम, म्हणजे मोठ्या मापाचं पॅकेट, ९००० केली. आता लॅपटॉपवर फोल्डर दिसतो, पण फोटो कॉपी होत नाहीत. गंमत म्हणजे टीव्हीवर सगळं नीट चालतं. एनएएस बिघडला का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एनएएस ठीक आहे. मधला स्विच जुना असणार. टीव्हीनं आपलं माप १४६० सांगितलं, एनएएसनं ते मानलं. लॅपटॉप आणि एनएएस दोघांनीही मोठं माप ठरवलं, पण ते मधल्या स्विचला कुणी विचारलंच नाही. स्विच तर पॅकेट कापतही नाही आणि चिठ्ठीही पाठवत नाही, मोठं दिसलं की टाकून देतो. लॅपटॉपवरून पिंग -एफ -एल ८९७२ करून बघा, उत्तर येणार नाही. दोन्हीकडे १५०० करा. गिगाबिटच्या केबलवर तेवढ्यातही सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, घरच्या फोटोंना आणखी काय हवं? टीव्हीला हात लावू नका.