वांग, काळी मान आणि टिकलीचा पांढरा डाग

प्रश्न : वय ३९. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांगाचे डाग आले. औषधाच्या दुकानातून 'डाग जाण्याची' ट्यूब आणून चार महिने लावली. पहिल्याच महिन्यात चेहरा उजळला. आता एक-दोन दिवस लावली नाही तर चेहरा लाल होतो, गॅसपुढे उभं राहिलं की आग होते आणि डाग आधीपेक्षा गडद दिसतात. ट्यूब चालू ठेवू की बंद करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन (हे स्टेरॉइड), हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही तीन नावं एकत्र दिसली, तर दुखण्याचं मूळ सापडलं. अशी त्रिकुटाची मोट क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये बांधली. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, ट्रेटिनॉइनमुळे त्वचेचा वरचा थर लवकर गळतो आणि स्टेरॉइड या दोघांची जळजळ दाबून ठेवतं. डॉक्टरांच्या नजरेखाली, साधारण आठ आठवड्यांपुरतं हे औषध चांगलं आहे. पण त्यातलं स्टेरॉइड कोणतं, यावर बरंच अवलंबून असतं. फ्लुओसिनोलोन ०.०१ टक्का सौम्य, तर स्वस्त ट्यूबमधलं मोमेटासोन ०.१ टक्का चेहऱ्याच्या पातळ कातडीला जड जातं. बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असेल तर फारच जड. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. तरी ती शेजारणीच्या सांगण्यावरून सहज हातात पडतात.

तुम्हाला जे होतंय, ती कातडीला लागलेली स्टेरॉइडची सवय आहे. ट्यूब बंदच करायची, पण मनाने एका झटक्यात नको. चार महिन्यांनंतर अचानक थांबवलं तर लाली, पुरळ आणि आग दोन-चार आठवडे हैराण करते आणि बायका वैतागून पुन्हा तीच ट्यूब उघडतात. त्वचारोगतज्ज्ञ सौम्य मलमावर आणून ती हळूहळू सोडवतात. जाताना ट्यूब सोबत न्या, 'एक पांढरं क्रीम लावत होते' एवढ्यावरून काही ठरत नाही. या काळात चेहऱ्याला फक्त साधं पाणी, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. लिंबू, बेकिंग सोडा, दाणेदार स्क्रब यांतलं काहीही नको. सावळ्या कातडीला जिथे आग होते तिथे मागाहून काळं उमटतं. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर तो कातडी भाजतोसुद्धा.

आता वांगाबद्दल. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घरातला वारसा आणि प्रकाश ही त्याची मुख्य कारणं. प्रकाश म्हणजे फक्त दुपारचं ऊन नव्हे. खिडकीच्या काचेतून अतिनील-ए किरण बऱ्यापैकी आत येतात आणि डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही सावळ्या त्वचेत रंगद्रव्य वाढवतो. म्हणून पांढऱ्या सनस्क्रीनपेक्षा कातडीच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन वांगासाठी उजवं. एसपीएफ ३० किंवा जास्त घ्या. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं लावायचं आणि बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वाटाण्याएवढा ठिपका लावून 'सनस्क्रीनने फरक पडला नाही' म्हणणं बरोबर नाही. जोडीला छत्री किंवा ओढणी हवीच.

लाली पूर्ण शमली की मगच डागांचं औषध. त्यात ॲझेलाइक ॲसिड १५ ते २० टक्के आम्हाला सर्वांत भरवशाचं वाटतं : आधी एक रात्र आड, सोसलं तर रोज. पहिले काही दिवस थोडं चुणचुणतं. फरक कळायला तीन महिने लागतात आणि ऊन लागलं की डाग परततात, हे आधीच मान्य केलेलं बरं. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर-राखाडी डाग पडतात आणि ते जाता जात नाहीत. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या मुळात रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाच्या गोळ्या (बहुधा २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा) काहींना लागू पडतात. पण रक्ताची गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांनी, तसंच गर्भनिरोधक गोळ्या चालू असणाऱ्यांनी त्या मनाने घेऊ नयेत.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, अंगाने जाड. मान आणि काखा काळ्या पडल्यात. रोज घासूनही मळ निघत नाही.
– एक पालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : निघणार नाही, कारण तो मळ नाहीच. मखमलीसारखी जाड झालेली ही काळी कातडी बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असते. रक्तात वाढलेलं इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढायला लावतं. आधी घासणं थांबवा, घर्षणाने काळेपणा वाढतोच. मग उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या, आणि मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वजन उतरलं की मानही काही महिन्यांत फिकी होऊ लागते. क्रीमने थोडा फरक पडतो, पण मूळ तिथे नाही. मोठ्या माणसात, वजन घटत असताना असा काळेपणा झपाट्याने आला, तळहातही जाड झाले, तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

प्रश्न : टिकली लावते त्या जागी पांढरा डाग पडलाय. कोड असेल का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : बरोबर टिकलीएवढाच असेल तर संशय आधी टिकलीच्या गोंदावर. त्यातलं पॅराटर्शरी ब्युटिलफेनॉल हे रसायन रंगपेशी मारतं. टिकली आजच बंद करा. टिकली लागतच नाही अशा जागी, ओठांच्या कडेला किंवा बोटांच्या टोकांवर पांढरं दिसलं तर मात्र तपासून घ्या. कपाळ निदान तीन महिने मोकळं ठेवा. मग कुंकू लावायचं असेल तर तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा, कारण कुंकवातल्या रंगाने कपाळ काळवंडल्याचीही उदाहरणं आहेत.